जनावर मागून बघावं

१४ जानेवारी २०१९

प्रिय गास्पार,

तुझा पत्ता मला शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात सापडला. लिमुझिन जातीच्या गाईंच्या प्रदर्शनाचा फोटो होता, खाली नावं होती, त्यात तिसरं नाव तुझं. गावही दिलं होतं. फोटोत तू गाईचा दोर धरून उभा आहेस, पण छापणाऱ्याने गाय अख्खी ठेवली आणि तुला खांद्यापाशी कापलं. मला फक्त हात दिसला. अंगठ्यावर तो विळ्याचा व्रण आहे की नाही ते भिंग लावून पाहिलं, पण शाई फिसकटलेली होती.

फोन करणार होते. मग वाटलं, माझा आवाज ऐकून तू ठेवून देशील, आणि ठेवलेला फोन मला सहन होणार नाही. पत्र न वाचता टाकलंस तरी मला ते कळणार नाही.

बाबा आता घरी नाहीत. ऑक्टोबरपासून गावातल्या वृद्धाश्रमात आहेत, पूर्वी मठातल्या सिस्टरांचा दवाखाना होता त्याच इमारतीत. एक्क्याण्णव वर्षांचे झाले. जेवण चमच्याने, तेही चार घास. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा बघतील असं वाटत नाही. शुद्ध असते, पण ती कुठल्या सालातली असेल सांगता येत नाही. मला कधी ओळखतात, कधी आई समजतात, कधी "सिस्टर" म्हणून हाक मारतात. मात्र रोज चार वाजता, वैरण-पाण्याची वेळ झाली की खुर्चीत ताठ बसतात आणि विचारतात, "गास्पार आला का गोठ्यातून?"

मी म्हणते, येतोय. दुसरं काय म्हणू?

गोठा रिकामा आहे. उरलेल्या बारा गाई नोव्हेंबरात शेजारच्या शेतावर गेल्या. मी अजून पाचला उठते आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहते.

त्या कालवडीवरून जे झालं ते झालं. एकतीस वर्षं झाली. बाबांनी रागात केलं, आणि तूही मागे वळून पाहिलं नाहीस. तुम्ही दोघे एकाच खाणीतले दगड. मी मध्ये सापडले. मी काय करणार होते?

एकदा येऊन जा. बोलू नकोस हवं तर, नुसता चार वाजता त्यांच्या समोर बसून जा.

तुझी बहीण,
गिस्लेन


३ फेब्रुवारी

प्रिय गास्पार,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरूनही चालले नव्हते, पण रोज टपालवाल्याच्या गाडीचा आवाज आला की हात पुसून दारात जाते.

काल मेणबत्त्यांचा सण. मी धिरडी केली, आई करायची तशी, पिठात थोडी बिअर घालून. बाबांसाठी चार नेली. एक खाल्लं. तिथे ज्युस्तीन नावाची परिचारिका आहे, किन्शासाची, हसरी. बाबा तिच्याकडेही जनावराकडे बघावं तसं मागून बघतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ती मात्र हातातला ट्रे घेऊन मुद्दाम दारात वळते आणि विचारते, "काय ओक्तावसाहेब, आज किती गुण?"

बाबा गंभीरपणे म्हणाले, "मागचे पाय सरळ आहेत. चाल मोकळी. पण मांडी भरायला हवी."

"अहो, दिवसभर पळवता आणि वर म्हणता मांडी भरायला हवी," ती म्हणाली. मला हसू आलं, आणि मग बराच वेळ रडू आवरेना.

तुला आठवतं, प्रदर्शनात ते परीक्षक असायचे, तेव्हा कधी जनावराच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. सरळ मागे जायचे, पाय फाकून उभे राहायचे, पुठ्ठ्यावर तळवा ठेवायचे आणि डोळे मिटायचे. "तोंड देवाने दिलेलं असतं, पुठ्ठा माणसाने घडवलेला असतो. जनावर मागून बघावं." आणि रविवारी जेवणाच्या टेबलावर त्यांचा वर्ग भरायचा. आपली निळी-पांढरी गाय म्हणजे भट्टीत फुगून एकमेकांना चिकटलेले दोन गोल पाव, मध्ये शेपटीची खाच. लिमुझिन म्हणजे नासपती, वर रुंद, खाली निमुळती. शारोले म्हणजे आपली बर्त मावशी, आकाराने मोठी पण निम्मं हाडच. एकदा बर्त मावशी समोरच बसली होती. आईने टेबलाखालून लाथ मारली ती चुकून तुला लागली.

तू एकटाच त्यांच्याशी वाद घालायचास. "बाबा, जिला आपलं वासरू आपण बाहेर काढता येत नाही, ती गाय कसली?"

"आणि जिला मांडीच नाही ती शेळी. जा, शेळ्या पाळ."

मी तेव्हा गप्प असायचे. पण मागच्या महिन्यात रिकाम्या गोठ्यात उभी होते आणि मनात एकेक गाय येऊन आपापल्या जागी बांधली गेली. सगळ्यांची डावी कूस माझ्याकडे होती. प्रत्येकीच्या कुशीवर शिवणीचे व्रण, एकाखाली एक. वासरांचे पुठ्ठे इतके रुंद की आईच्या वाटेने ती बाहेर येऊच शकत नाहीत, म्हणून प्रत्येक बाळंतपणाला एक व्रण. गुरांचे डॉक्टर वोतिए यायचे, गाय उभीच, कुशीत सुई, मग सुरी. मी कंदील धरायचे, नंतर दिवा, नंतर मोठा दिवा. आपल्याकडे कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. निदान मी तसं म्हणत नव्हते.

बाबा पुन्हा चार वाजता विचारतात. शुक्रवारी म्हणाले, "त्याला म्हणावं, घाई करू नको. सावकाश ये." हे मी बनवून सांगत नाही, ज्युस्तीन साक्षीला आहे.

गिस्लेन


२४ फेब्रुवारी

प्रिय गास्पार,

आज चर्चमध्ये मिस्सेला जाऊन आले. क्षमायाचनेची प्रार्थना तुला आठवत असेल: विचाराने, शब्दाने, कृतीने, आणि करायला हवं ते न केल्याने. शाळेत सिस्टर क्लोतिल्द म्हणायच्या, मुली पहिल्या तीन पापांची कबुली देतात, चौथं सगळ्यांच्या घशात अडकतं. मी आज चौथ्यापाशी थांबले. माझ्या बाजूची बाई पुढे म्हणत राहिली.

आपल्या मिराबेल गाईसाठी लिमुझिन वळूच्या बिजाची कांडी मी मागितली होती.

लिहिलं. सिस्टरांनी वळणदार अक्षर शिकवलं म्हणून बाबांनी गाईंच्या नोंदींची वही माझ्याकडे दिली होती, कोणती गाय कोणत्या वळूपासून गाभण ते मीच लिहायचे. हे तुला माहीत होतं. तरी तुला माझा संशय कधी आला नाही. की आला होता?

ती ८७च्या वसंतातली गोष्ट. मिराबेलचे तीन व्रण झाले होते. तिसऱ्या वेळी डॉक्टर वोतिए हात धुताना मला म्हणाले होते, आतून सगळं चिकटलंय, चौथ्यांदा उघडलं तर नीट मिटेल असं सांगता येत नाही. बाबांना त्यांनी हे सांगितलं की नाही कोण जाणे. बाबा तिच्या मागे उभे राहून म्हणाले, "हा पुठ्ठा बघ. हिची आणखी एक कालवड हवी." तू आणि बाबा सीने गावच्या गुरांच्या बाजाराला गेलात त्याच दिवशी ती माजावर आली. बिजाचा थंड डबा घेऊन गाई भरवणारा नोएल आला. बाबांनी ठरवलेल्या वळूचं नाव मला पाठ होतं. मिराबेल मान वळवून माझ्याकडे बघत होती. तिला कळत होतं असं मी म्हणणार नाही. ती वैरणीची वाट बघत होती.

मी नोएलला म्हणाले, आज दुसरी दे, लिमुझिनची. वासरू अरुंद होईल, आपलं आपण बाहेर येईल, एवढंच माझ्या मनात होतं. वहीत मी बाबांच्या वळूचं नाव लिहिलं. ते खोटं मी त्या वेळी विसरूनही गेले. नऊ महिने मला वाटत राहिलं, वासरू जन्मलं की बाबा बघतील, थोडे ओरडतील, मग मिराबेल एकदा तरी न कापता सुटली याचा त्यांनाही आनंद होईल. मी तीस वर्षांची होते, गास्पार, आणि इतकी मूर्ख.

ती सकाळी व्याली, कोणी नसताना. मी दूध तापवून गोठ्यात गेले तर वासरू उभं होतं. लालसर पाठ, लांब पाय. मिराबेल त्याला चाटत होती. त्याआधी तिने तिन्ही वेळा आपलं वासरू शुद्धीत, उभ्याने, पण दुसऱ्याच्या हातातून पाहिलं होतं. या वेळी तिने ते स्वतः खाली ठेवलं. मी दारातच बसले.

मग बाबा आले. वासराच्या मागे गेले. पुठ्ठ्यावर तळवा ठेवला आणि लगेच काढून घेतला.

पुढचं तुला माहीत आहे. बाबा नोएलकडे गेले. तू सारखा लिमुझिनची बाजू घ्यायचास, त्यामुळे नोएलचाच काहीतरी गैरसमज झाला असणार, आणि त्याने तुझं नाव सांगितलं. मला बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.

आणि तू वासरू घेऊन गेल्यावर मिराबेलचं काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. ती आपल्याकडे अठरा दिवस राहिली. बाबांना ती डोळ्यांसमोर नको होती. खाटकाच्या गाडीत ती न ओढता चढली. ती नेहमीच समजूतदार होती.

बाबा खूप थकलेत. येशील का?

गिस्लेन


१२ मार्च

प्रिय गास्पार,

पाकीट आलं. तुझं अक्षर मी पत्त्यावरच ओळखलं, अजून डावीकडे झुकतं. आत चिठ्ठी नाही म्हणून पाकीट फाडून सपाट केलं, उजेडात धरलं. नुसता फोटो. गाय, मागून काढलेली, आणि पाठीमागे पेन्सिलने: "मिराबेल, नववी. आपली आपण व्याली."

म्हणजे तू तिचं नाव पुढे चालवलंस. नऊ पिढ्या. मी टेबलाशी बसून बोटांवर मोजत होते आणि पुन्हा पुन्हा चुकत होते.

काल चार वाजता फोटो बाबांना दिला. आठवडाभर त्यांनी कशातच लक्ष घातलं नव्हतं. फोटो हातात घेतला, लांब धरला, चष्मा मागितला. मग अंगठा पुठ्ठ्यावरून फिरवू लागले, वरून खाली, तो जुना हात. ज्युस्तीन औषध घेऊन आली होती, तीही थांबली.

"नासपती," बाबा म्हणाले. "मांडी खाली उतरते. आमच्याकडची नाही."

"नाही बाबा."

"पण शेपटी बघ कुठे बसलीये. ही खाच." अंगठा तिथेच थांबला. "हे मिराबेलचं आहे. कोणाचं जनावर?"

"गास्पारचं."

त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. मला वाटलं, गेले परत धुक्यात. मग म्हणाले, "चांगली ठेवलीये. माझ्या पाठीमागे करायला नको होतं, एवढंच. विचारलं असतं तर मी ओरडलो असतो. हो म्हणालो असतो की नाही ते... पण विचारायचं ना पोराने."

गास्पार, मी गुडघ्यांवर बसले. माझे गुडघे आता तसे वाकत नाहीत, ज्युस्तीनने हात दिला. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि स्पष्ट, मोठ्याने, त्यांच्या चांगल्या कानाशी म्हणाले, "बाबा, गास्पारने केलं नाही. मी केलं. गिस्लेनने. त्याचा दोष नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार प्रेमाने बघितलं, परक्या माणसाकडे बघतात तसं.

"गिस्लेन शाळेत आहे, सिस्टर. शनिवारी येते ती," ते म्हणाले. "आणि आमची गिस्लेन खोटं बोलत नाही. तुम्हीच शिकवलंय ना तिला."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. त्यांनी माझा हात थोपटला आणि ज्युस्तीनला म्हणाले, या सिस्टरांना कॉफी द्या, त्या दमल्यात.

आता ज्या कानांनी ऐकायला हवं होतं ते कान गेले. उरलास तू. म्हणून मागच्या पत्रात जे झाकलं तेही लिहिते. नोएलचा गैरसमज झाला नव्हता. त्याने डब्याचं झाकण उघडलं आणि विचारलं, "लिमुझिन? ओक्तावला माहितीये का?" तेव्हा मी म्हणाले, "गास्पारने सांगितलंय."

तेच दोन शब्द. ते इतके सहज आले की मी त्यासाठी थांबलेही नाही. तुझं नाव घेतलं की नोएल पुढे काही विचारणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात तू तीन वेळा म्हणालास, मी सांगितलं नाही. बाबा म्हणाले, "नोएल कशाला खोटं बोलेल? खोटारड्याला या गोठ्यात जागा नाही. तुझं वासरू उचल आणि चालायला लाग." तू माझ्याकडे बघितलंस. मी बटाटे सोलत होते. मी हातातल्या बटाट्यातला डोळा काढला, आणि मग त्याच्या शेजारचा काढला. तुझ्या व्हॅनमध्ये पेंढा पसरल्याचा आवाज मला खिडकीतून येत होता. बटाटा सोलून सोलून अक्रोडाएवढा झाला तेव्हा व्हॅन सुरू झाली.

तुला सगळं आधीच माहीत होतं, असं मला आता वाटू लागलंय. माहीत असून तू बोलला नाहीस. की ही माझी मीच घातलेली समजूत?

डॉक्टर म्हणतात, आठवडा, फार तर दहा दिवस. ये किंवा येऊ नकोस, तुला बोलवायचा हक्क मला राहिलेला नाही. फोटो त्यांच्या उशाशी पाण्याच्या पेल्याला टेकून ठेवलाय. ते कुशीवर वळले की तोच दिसतो.

गिगी


३० मार्च

प्रिय गास्पार,

बाबा सोमवारी सकाळी गेले. माझा निरोप तुला मिळाला ते मला गुरुवारी, अंत्यविधीतच कळलं.

चर्च भरलं होतं. आसपासच्या गावांतले सगळे पशुपालक आले होते, गडद कोट, धुतलेले बूट, मागच्या बाकांवर थोडा शेणाचा वास. बाबांना आवडला असता. मी पहिल्या बाकावर, एकटीच. पाद्रीसाहेब क्रूस घेऊन उभे राहिले आणि रिवाजाप्रमाणे लोक रांगेने पुढे येऊ लागले. क्रूसाला हात लावायचा, बाबांच्या फोटोचं कार्ड घ्यायचं, कडेच्या वाटेने परत जायचं. आधी पुरुष. मी प्रत्येकाला मान लववत होते.

मग फरशीवर एक पाऊल वाजलं. उजवं नीट, डावं किंचित घासत. बाबांचं पाऊल. क्षणभर मला वाटलं, मलाच आता भास व्हायला लागले. मग कळलं.

तू पुढे येत होतास. मला फक्त मान वर करायची होती. आणि गास्पार, मी डोळे मिटले. प्रार्थनेत आहे असं लोकांना वाटावं म्हणून हातही जोडले. पाऊल माझ्यासमोर आलं. थांबलं. किती वेळ थांबलं ते मला सांगता येणार नाही, मागचा माणूस खाकरला इतका वेळ. तुझ्या कोटाला पावसाचा आणि तू राहतोस त्या लिमुझिन प्रांताच्या लाल मातीचा वास असेल अशी माझी कल्पना होती, पण साध्या साबणाचा वास आला. मग पाऊल पुढे गेलं.

डोळे उघडले तेव्हा तू कडेच्या वाटेने दाराकडे चालला होतास. रुंद पाठ. मानेवरचे केस पांढरे. डावा पाय थोडा बाहेर पडतो. हातात कार्ड होतं. बाबांनी शिकवल्याप्रमाणे मी तुला मागून नीट बघितलं, दारातून बाहेर पडेपर्यंत, आणि शंभर माणसांत तुला ओळखलं असतं. हाक मारायला तोंड उघडलं होतं. ऑर्गन सुरू झाला. तो नसता सुरू झाला तरी मी हाक मारली असती असं मी आता लिहिणार नाही.

नंतर हॉलमध्ये कॉफी आणि साखरेच्या पोळ्या होत्या. दोन खुर्च्या मी उगाच रिकाम्या ठेवल्या. बाहेर जाऊन पाहिलं तर तुझी गाडी उभी होती त्या जागी कोरडा चौकोन होता आणि त्यात पाऊस पडत होता.

फोटो बाबांच्या कोटाच्या खिशात ठेवला, जपमाळेशेजारी. तुला विचारायला हवं होतं. पुन्हा विचारलं नाही.

तुझा चेहरा आता कसा दिसतो हे मला माहीत नाही. बाबा म्हणायचे, तोंडात काय बघायचंय. पण मला बघायचं होतं, गास्पार. मला तेवढंच बघायचं होतं.

गिगी